रेवदंडा मॉडेल: कोर्लईचा तट उतरवला

खाडीकाठच्या रेवदंड्याचं, तिथल्या जुन्या पोर्तुगीज वस्तीचं मॉडेल मी बनवतोय. गेल्या रविवारी त्यातल्या पलीकडच्या तीरावरच्या कोर्लईच्या टेकडीवरचा अख्खा तट कटरने सोलून काढला. तीन आठवड्यांचं काम होतं, पण तो तिथे असायलाच नको होता.

मॉडेल १५७० सालच्या अखेरचं आहे, रेवदंड्याला अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाचा वेढा पडला तेव्हाचं. कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी घेतला १५९४ मध्ये, तोही निजामशाहीने रेवदंड्यावर तोफा रोखण्यासाठी तिथे बांधकाम सुरू केल्यावर. आज खाडीच्या दोन्ही तीरांचे किल्ले एका नजरेत येतात, म्हणून ते मनात एकाच काळाचे होऊन बसतात. माझं तेच झालं. आता टेकडी पुन्हा नुसती टेकडी आहे. प्रमाण १:१०००, ३ मिमीचा फोम, एक थर म्हणजे ३ मीटरची चढण. तट निघाला तिथे वरचा थर फाटला, तो भुसा आणि फेविकॉलने भरून घेतला.

याच धास्तीने मग रेवदंड्याकडेही नव्याने पाहिलं. आधी १५१६ ची वखार. मग १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशाहाकडून कोट बांधायची परवानगी, आणि १५२४ पर्यंत कोट उभा. परवानगी मिळाली त्यामागे घोडे होते. निजामशाहाला फौजेसाठी घोडे हवेत आणि समुद्रावरून येणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावर पकड पोर्तुगीजांची. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून किनाऱ्यावर गलबतातून उतरणारे सहा घोडे ठेवले आहेत. प्रत्येक जेमतेम अडीच मिलिमीटरचा. भिंगाखाली, सुईच्या टोकाने रंगवले.

वेढ्याच्या वेळी कोट लहान होता आणि वस्तीभोवती आजच्यासारखा भक्कम तट नव्हता. चर, आडोसे आणि खुद्द घरं-चर्चं लढवून पोर्तुगीज १५७१ च्या तहापर्यंत तगले. त्यामुळे सलग तटाची पट्टी मी चिकटवणार नाही. कडेच्या घरांच्या खिडक्या अर्ध्या बुजवल्या, गल्ल्यांच्या तोंडाशी तांबड्या मातीचे बांध घातले. वस्ती एकदम उघडी, जिवंत दिसायला लागली.

माडांसाठी एक युक्ती सापडली, ती सांगतो. विजेच्या जुन्या वायरमधल्या बारीक तारा घ्या, सात-आठ एकत्र पिळा, वरचे ४ मिमी मोकळे सोडून बाहेर वाकवा. खोडाला पातळ फेविकॉल लावून राखेत लोळवा, शेंडा हिरव्या रंगात बुडवा. झाड १८ मिमीचं ठेवलं की प्रमाणात बसतं. एकशे दहा झाले, अजून तेवढेच लागतील.

आता खाडीचं पाणी ओतायचं बाकी आहे. रेझिनचे (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवाचे) थर २ मिमीहून जाड नको, नाहीतर खालचा फोम तापून वितळतो. पहिला थर शनिवारी.