होंडा बीट, पिवळी पाटी आणि जपून ठेवलेले मूळ भाग

मार्चचा शेवटचा आठवडा

जपानमध्ये १ एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर असेल, त्याला त्या पूर्ण वर्षाचा कर भरावा लागतो. केई वर्गात, म्हणजे ६६० सीसीच्या आतल्या पिवळ्या पाटीच्या छोट्या गाड्यांत, मे महिन्यात गाडी विकली तरी उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळत नाहीत. पहिल्या नोंदणीला १३ वर्षं उलटली की हा कर वर्षाला १२,९०० येन होतो. एका गाडीपुरता हा आकडा जड नाही. पण जुन्या, वेगळ्या गाड्या जमवायचा नाद असेल तर मार्च संपायच्या आत ठरवावंच लागतं की यंदा कोणती चालवायची आणि कोणती झाकून ठेवायची. झाकून ठेवायची असेल तिच्या पाट्या आणि कागद केई तपासणी संस्थेत ३१ तारखेच्या आत परत करायचे. मग ना कर, ना सक्तीचा विमा. पुन्हा रस्त्यावर आणताना तपासणी मात्र नव्याने होते. मधल्या काळात ती गॅरेजपर्यंत चालवत न्यायची असेल तर शहर कार्यालयातून तात्पुरती पाटी मिळते, ७५० येनला, जास्तीत जास्त पाच दिवसांसाठी. तेवढ्या दिवसांचा सक्तीचा विमा आधी काढलेला हवा.

परदेशी माणसाने या छंदाची सुरुवात केईपासून करावी असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला कागदपत्रांचं साधं कारण आहे. पांढऱ्या पाटीची, म्हणजे केईपेक्षा मोठ्या वर्गातली, गाडी नावावर करायला सहीऐवजी चालणारा नोंदवलेला शिक्का आणि त्याचा दाखला लागतो, शिवाय पोलिसांकडून पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र नोंदणीच्या आधी आणावं लागतं. केईला राहत्या पत्त्याचा उतारा पुरतो. पार्किंगची जागा शहरी भागात नंतर कळवायची असते आणि काही खेड्यांत तर तीही गरज नसते. जागा घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत हवी आणि प्रत्येक गाडीला स्वतंत्र हवी. म्हणून संग्रह किती वाढेल हे गाड्यांच्या किमतीपेक्षा पार्किंगच्या भाड्यावर ठरतं. महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या जागेत गाडी उघडून बसायला बहुतेक करारांत मनाई असते. काम करायला तासावर मिळणारं पिट शोधायचं. तिथे लिफ्टही असते, जुन्या तेलाची विल्हेवाटही लागते.

आता कोणती गाडी. १९९० साली केईची इंजिनमर्यादा ५५० वरून ६६० सीसी झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तीन अफाट छोट्या गाड्या आल्या. माझदाच्या ऑटोझॅम ब्रँडची एझी-१, होंडा बीट आणि सुझुकी कापुचिनो. जपानी शौकीन त्यांना एबीसी म्हणतात. एझी-१ची दारं पंखासारखी वर उघडतात. ती साडेचार हजारांच्या आत बनली, त्यामुळे किंमत फार चढली आहे, आणि दारं तोलणारे गॅस डँपर म्हातारे झालेले असतात. कापुचिनोचं इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि छताचे तीन तुकडे काढून डिकीत ठेवता येतात. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत टायमिंग बेल्टचं एफ६ए इंजिन आहे, १९९५ नंतरच्यांत साखळीचं, ॲल्युमिनियमचं के६ए. दोन्हींत निवड असेल तर मी दुसरं घेईन. बीट मे १९९१ मध्ये आली. तिचं इंजिन सीटांच्या मागे, टर्बो नाही, तीन सिलिंडरना तीन स्वतंत्र थ्रॉटल, आणि ६४ अश्वशक्ती मिळते ती थेट ८१०० आरपीएमला. माझा जीव बीटवर आहे. खालच्या बहुतेक नोंदी तिच्याच आहेत.

एक गोष्ट पहिल्याच पानावर हवी. ही गाडी भारतात नेता येणार नाही, कारण तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आपल्याकडे आयात करता येत नाही. नोकरी किंवा व्हिसा संपला की गाडी इथेच, दुसऱ्याच्या हाती जाणार. म्हणून तिच्यात करायचा प्रत्येक बदल उलटवता आला पाहिजे. कापायचं नाही, वेल्डिंगने जोडायचं नाही, नवं भोक पाडायचं नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग पुसून, तेलाचा हात फिरवून, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा. मूळ स्टिअरिंग, मूळ सायलेन्सर आणि झेब्रापट्ट्यांच्या मूळ सीट सोबत असतील तर जपानी खरेदीदार गाडीकडे वेगळ्याच नजरेने बघतो.

जूनचा पाऊस

पावसाळ्यात बीटचे सगळे दोष आपोआप दिसतात. कापडी छताच्या कडेचं रबर कडक झालं की पाणी दाराच्या काचेच्या मागच्या कोपऱ्यातून आत येतं. छताच्या मागच्या बाजूने निचऱ्याच्या नळ्या खाली जातात. त्यांत पानं आणि चिखल अडकला की पाणी दाराखालच्या सिलमध्ये साचतं आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरचा रंग चकचकीत असतो आणि आत पत्रा कागदासारखा झालेला असतो. विकत घेताना गालिचा उचलून बोटांनी दाबून पाहावा, सीटखाली हात घालावा आणि सिलच्या खालच्या कडेवर, जिथे जॅक लागतो तिथे, पेचकसाच्या मुठीने ठोकून ऐकावं. घट्ट पत्र्याचा आवाज कोरडा येतो, सडलेल्याचा बद्द. होक्काइदो, तोहोकू आणि जपान समुद्राकडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तिकडची गाडी स्वस्त मिळाली तरी खालून पाहिल्याशिवाय हात लावू नये.

निचऱ्याच्या नळ्या तारेने खुपसून साफ करू नयेत, आत सांधा निसटतो. नायलॉनची जाड दोरी किंवा गवत कापायच्या यंत्राची दोरी घालावी आणि वरून कोमट पाणी हळूहळू सोडावं. खाली धार पडली पाहिजे, थेंब नव्हेत. रबराला पेट्रोलियम जेली लावू नये, फुगतं. सिलिकॉन ग्रीस लावावं. मागची खिडकी पारदर्शक प्लास्टिकची आहे. थंडीत तिची घडी घातली की तडकते, म्हणून छत फक्त उबेत उघडायचं आणि घडीच्या मध्ये मऊ कापड ठेवायचं.

वापरलेल्या गाड्यांच्या लिलावात गाडीची अवस्था सांगणारा कागद असतो, त्यावरची अक्षरंही इथेच लिहून ठेवतो. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर राहिलेली लाट, एस म्हणजे गंज, सी म्हणजे खाऊन गेलेला पत्रा, दुहेरी एक्स म्हणजे बदललेला भाग. पुढचा आकडा जितका मोठा तितका दोष मोठा. आर किंवा आरए श्रेणी म्हणजे सांगाड्याला हात लागलेला आहे. बोली फक्त परवानाधारक व्यापाऱ्याला लावता येते, त्यामुळे मधला माणूस लागतोच. त्याच्याकडून खालच्या बाजूचे फोटो आधी मागून घ्यावेत.

ऑगस्ट

उन्हात तापलेली बीट दुकानासमोर दहा मिनिटं उभी केली आणि पुन्हा सुरू होईना, तर आधी कान द्यायचा. किल्ली फिरवल्यावर मागून पेट्रोलपंपाचा साधारण दोन सेकंदांचा गुणगुणाट ऐकू आला पाहिजे. आला नाही तर बहुतेक वेळा दोष मुख्य रिलेचा, म्हणजे पंपाला वीज जोडणाऱ्या स्विचचा, असतो. त्या काळच्या होंडांचा हा ओळखीचा आजार. रिलेच्या आतल्या पट्टीवर सोल्डरच्या टाचांभोवती बारीक गोल चीर पडते, उष्णतेने ती उघडते आणि गार झाल्यावर पुन्हा मिटते. म्हणूनच गाडी संध्याकाळी मुकाट सुरू होते आणि दोष सापडत नाही. भिंगाखाली प्रत्येक पिनभोवती चीर दिसते. जुनं सोल्डर शोषून काढावं, फ्लक्स लावावा आणि नवं भरावं. नुसतं वरून डागलं तर महिन्याभरात पुन्हा तेच.

दुसरा आजार ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा, आणि तो जास्त महाग पडतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांना तीस वर्षांहून जास्त झाली आहेत. त्यांतलं द्रव गळून बोर्डावर पसरतं आणि तांब्याच्या वाटा खातं. आयडलिंग वरखाली होणं, चालता चालता इंजिन बंद पडणं, इंजिनचा दिवा कधी लागणं तर कधी न लागणं ही त्याची लक्षणं. डबा उघडल्यावर माशासारखा वास आला तर गळती झालेली आहे असं समजावं. लक्षणं दिसायची वाट न पाहता गाडी घेतल्याबरोबर हे काम करावं असं मला वाटतं, कारण वाटा खाल्ल्या गेल्यानंतरची दुरुस्ती फार किचकट होते.

बॅटरीची ऋण तार काढायची. बोर्ड बाहेर काढून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे आणि प्रत्येक कपॅसिटरचं धन टोक खुणेने नोंदवायचं. नवे १०५ अंश सेल्सिअसचे घ्यायचे, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा एक पायरी वरचं. बोर्डाला रंगहीन वॉर्निशचा थर असतो, तो आधी काढल्याशिवाय सोल्डर वितळत नाही. जुना कपॅसिटर ओढून काढायचा मोह झाला तरी ओढायचा नाही, भोकाच्या आतली तांब्याची नळी सोबत निघून येते. दोन्ही पायांवर थोडं ताजं सोल्डर लावून, आळीपाळीने तापवत, डोलवत काढायचा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने खालची जागा हिरवट डाग जाईपर्यंत धुवायची. नवे बसवायच्या आधी मल्टिमीटरने शेजारच्या वाटा जोडलेल्या आहेत का ते तपासायचं. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर हे काम करणाऱ्याकडे बोर्ड पाठवावा. शिकण्यासाठी ही जागा नाही.

याच महिन्यात तापमानाच्या काट्याकडेही लक्ष ठेवावं. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, मध्ये गाडीखालून जाणारे लांब पाइप. कूलंट बदलताना त्यांत हवा अडकते. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढायचे बोल्ट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरायचं. पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत जागचं हलायचं नाही.

होंडाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये बीटचे काही बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले. हे प्रत्येक भागाला लागू नाही, म्हणून मागणी नोंदवताना भागाचा क्रमांक जुन्या पुस्तकातून घेऊन तो बदलला आहे का ते काउंटरवर विचारावं. टायमिंग बेल्ट काढलाच तर त्यासोबत वॉटर पंप, टेन्शनर आणि कॅम व क्रँकचे तेलसील एकदमच बदलावेत. जागा इतकी अरुंद आहे की तेच काम दोनदा करणं परवडत नाही.

ऑक्टोबर, सजावटीचे दिवस

टेप हातात घेतल्याशिवाय इथे कोणताही बदल सुरू करू नये. बीटची नोंदलेली लांबी ३,२९५ मिलिमीटर, रुंदी १,३९५, उंची १,१७५. नोंदीपेक्षा लांबीत ३ सेंटिमीटर, रुंदीत २, उंचीत ४ आणि वजनात ५० किलो इतका फरक कागद न बदलता चालतो. चाकांवर रुंद फेंडर लावले आणि रुंदी १,४१५ च्या पुढे गेली की बदलाची वेगळी तपासणी लागते. केईची आजची मर्यादा ३.४ मीटर लांबी आणि १.४८ मीटर रुंदी आहे, त्यामुळे तिथपर्यंत पिवळी पाटी राहते. त्यापलीकडे गाडी साध्या वर्गात जाते, पाटी पांढरी होते आणि करही बदलतो. बदलाची तपासणी केली की शाकेनची, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या ठरावीक तपासणीची, उरलेली मुदत बुडते आणि नवी दोन वर्षं त्या दिवसापासून सुरू होतात. म्हणून हे काम शाकेन संपायच्या आठवड्यातच काढावं.

गाडी खाली बसवताना जमिनीपासून ९ सेंटिमीटर अंतर राहिलंच पाहिजे. एक बाब मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चाक हवेत लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने हलली तर गाडी नापास होते. आखूड, कडक स्प्रिंग घातली की हे हमखास होतं. तिच्यावर छोटी, मऊ साहाय्यक स्प्रिंग बसवली की खुळखुळ जाते. टायर पुढे १५५/६५ आर १३ आणि मागे १६५/६० आर १४, म्हणजे पुढची-मागची चाकं अदलाबदल करता येत नाहीत. चारही एकाच मापाची घालणारे भेटतात. त्याने मागची पकड आणि पुढची पकड यांचा होंडाने बसवलेला मेळ बिघडतो, आणि इंजिन मागे असलेल्या गाडीत ओल्या वळणावर ते नको.

स्टिअरिंग बदललं तर हॉर्नच्या बटणावर भोंग्याचं चिन्ह हवं. गिअरची मूठ बदलली तर गिअरचा नकाशा दिसला पाहिजे, मुठीवर किंवा शेजारी चिकटवलेला. सुंदर लाकडी मूठ बसवून, गाडी आतून-बाहेरून लख्ख करून माणसं रांगेत उभी राहतात आणि एवढ्याशा चिकटपट्टीसाठी परत जातात. इंडिकेटरला एलईडी बल्ब लावले की विजेचा भार कमी होऊन ते भराभर लुकलुकतात. मिनिटाला ६० ते १२० ही मर्यादा आहे. त्यासाठी रेझिस्टर लावण्यापेक्षा एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवावा, रेझिस्टर तापून प्लास्टिक वितळवतो.

उघड्या एअर फिल्टरच्या मी विरोधात आहे. आवाज सुखावतो, पण तो इंजिनच्या खोलीतली गरम हवा ओढतो. त्यापेक्षा तिन्ही थ्रॉटल व्हॅक्यूम गेजने समान करून घ्यावेत. पैशाच्या मानाने त्याचा फरक जास्त जाणवतो.

जानेवारी, शाकेन

जुन्या गाडीचं शाकेन दर दोन वर्षांनी. मालकाने स्वतः गाडी नेऊन तपासून घेता येते, वेळ ऑनलाइन राखून ठेवायची. भाषा जुजबी असली तरी निभतं, कारण तपासणीच्या लेनमध्ये सूचना फलकावर येतात आणि पहिल्यांदाच आल्याचं सांगितलं तर निरीक्षक सोबत चालतात. केंद्राजवळ खासगी तपासणीची दुकानं असतात, तिथे आधी हेडलाइट आणि साइडस्लिप, म्हणजे सरळ जाताना चाकं आडवी किती सरकतात ते, बघून घ्यावं. गाडी खाली बसवली असेल तर टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप, बदललेलाच असतो आणि साइडस्लिपची मर्यादा मीटरमागे ५ मिलिमीटर आहे. टायरॉडचं लॉकनट सैल करून दोन्ही बाजू सारख्या, पाव-पाव फेऱ्याने फिरवाव्यात, म्हणजे स्टिअरिंग वाकडं होत नाही.

ऑगस्ट १९९८ पर्यंत बनलेल्या गाड्यांचा हाय बीम मोजतात, त्यानंतरच्यांचा लो बीम. बीटचा हाय बीमच जुळवून न्यायचा. हेडलाइटचं आवरण प्लास्टिकचं असून पिवळं पडलं असेल तर प्रकाश अपुरा भरतो, म्हणून ८००, १२०० आणि २००० च्या पॉलिशपेपरने ओलं घासून वर अतिनील किरण रोखणारा लेप द्यावा. स्पीडोमीटरसाठी रोलरवर आपल्या काट्यावर ४० आले की हेडलाइटची उघडझाप करायची. जुन्या गाडीचा खरा वेग तेव्हा ३०.९ ते ४४.४ च्या मध्ये हवा. टायरचा व्यास फार वाढवला असेल तर इथेच अडतं.

धुराच्या तपासणीआधी इंजिन आणि कॅटॅलिस्ट पुरेसे गरम असावेत, नाहीतर निरोगी गाडीही नापास होते. जानेवारीत रांगेत उभं असताना इंजिन बंद करू नये. एखाद्या मुद्द्यावर नापास झालं तर त्याच दिवशी, पहिली धरून एकूण तीन वेळा, लेनमधून जाता येतं. तरीही जमलं नाही तर १५ दिवसांचा मर्यादित दाखला मागून घ्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी फक्त राहिलेला मुद्दा तपासतात. त्या खेपेला मूळ सायलेन्सर आणि मूळ बल्बचं खोकं गाडीतच घेऊन जावं.