आईची गॅलरी आणि माझा पामचा पराक्रम

मागच्या वर्षी आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, वय 78, जिना उतरणं बंद, म्हणून मी मोठ्या हौसेने नर्सरीत गेलो आणि पाम, डिफेनबेकिया (मोठ्या ठिपकेदार पानांचं शोभेचं झाड), निळी-जांभळी विलायती फुलं असं सगळं उचलून मागच्या गॅलरीत मांडलं. आई दोन मिनिटं बसली न् म्हणाली, "काहून रे, बँकेत बसल्यासारखं वाटते."

मी वाचलेलं होतं ना! अमेरिकन संशोधक रॉजर उलरिच यांचा 1984 चा अभ्यास, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसायची ते पेशंट विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. पण ते बिचारे पलंगावर पडून होते, आमच्या बाईला नुसतं बघायचं नाही, तिला खुडायला पाहिजे, चुरडून वास घ्यायला पाहिजे, न् येताजाता एखादं पान तोंडातही टाकायला पाहिजे. डिफेनबेकियाचं पान तोंडात गेलं तर जीभ-घसा सुजतो, हे मला घरी आणल्यावर कळलं. ते झाड त्याच दिवशी घराबाहेर गेलं.

मग तिलाच विचारलं. तुळस, मरवा, पानओवा, गवती चहा, मोगरा, लाल जास्वंद, झेंडू. गुलाब मी नाही म्हटलं, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, एक काटा लागला तरी रक्त लवकर थांबत नाही. झेंडूचं मात्र तिचंच बरोबर निघालं. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होते, निळा-जांभळा मळकट दिसतो, आणि तिचा एक मोतीबिंदू तर अजून काढायचाच आहे. म्हणजे माझी ती महागडी फुलं तिला धड दिसतच नव्हती!

कुंड्या जमिनीवर ठेवल्या तर ती वाकणार, म्हणून पोराचं जुनं स्टडी टेबल काढलं, अडीच फूट उंच, खुर्ची ओढली की गुडघे आत जातात. झारी लहान, अर्ध्या लिटरची. वरून ग्रीन नेट, कारण नागपूरचा मे महिना, 2013 साली इथे पारा 47.9 वर गेला होता बावा, तिथे मरवा काय टिकते.

सगळ्यात कामाचा निघाला गुलबास. संध्याकाळी चारच्या सुमारास उमलतो, न् आई दुपारी झोपून उठली की हल्ली तिला सकाळ आहे की संध्याकाळ तेच समजत नाही, आता ती आधी गुलबास बघते न् मग चहा मागते. काळ्या बिया तेवढ्या मी रोज वेचून फेकतो, विषारी असतात.

भांडण एकच उरलं आहे, कण्हेरीचं. पूर्ण झाडच विषारी, हृदयावर परिणाम करते, म्हणून मी काढून टाकली. श्रावणात सोमवारी बघतो तर महादेवाच्या फोटोपुढे पिवळी कण्हेर! शेजारच्या काकूंकडून मागवून राहिली होती.