कोसी आणि कलसाचे नदीपक्षी: यंदाच्या हिवाळ्याचा अपडेट

मंडळी, आयबिसबिल हा नदीपक्षी टिपून झाला एकदाचा! आणि नुसता रेकॉर्ड शॉट (फक्त पक्षी दिसल्याचा पुरावा म्हणून काढलेला फोटो) नाही, चोच गोट्याखाली घातलेली, डोळा शार्प, पाण्याचे थेंब उडालेले असा फोटो मिळालाय. जागा म्हणजे उत्तराखंडात कोसीचं पात्र, रामनगरहून वर निघालं की गर्जियाचं देऊळ मागे पडतं आणि पुढे कुमेरिया-मोहानकडे जो पट्टा लागतो तिथे.

ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, हा पक्षी त्याच्या अख्ख्या कुळात एकटाच, दुसरी जातच नाही त्या कुळात. उन्हाळ्यात वर हिमालयात गोट्यांनी भरलेल्या रुंद पात्रांत घरटं करतो आणि थंडीत खाली उतरतो. अंग राखाडी, तोंड काळं, छातीवर काळा पट्टा, लालभडक चोच खाली वाकलेली. वाचून वाटतं की लांबूनच दिसेल, पण कोसीतले गोटेही राखाडीच, त्यामुळे तो थांबला की डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी सापडत नाही, हलला की मगच दिसतो. पोटापर्यंत पाण्यात उतरतो, मान तिरकी करतो, चोच गोट्याच्या खाली सरकवून चाचपतो आणि एखादी अळी ओढून काढतो. हे मी इतका वेळ बघत बसले की कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड भरलं तरी उठवेना.

या खेपेला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे नदीच्या पक्ष्याच्या हात धुऊन मागे लागायचं नाही. डिपर, फोर्कटेल, रेडस्टार्ट या नदीकाठच्या छोट्या पक्ष्यांचा इलाका प्रवाहाच्या कडेने लांबट पसरलेला असतो, तुम्ही मागे चालत राहिलात की तो पुढे पुढे उडत जातो, हद्द संपली की तुमच्या बाजूने वळून परत आपल्या जागी. म्हणून त्याचे ठरलेले दगड हेरायचे (विष्ठेचे पांढरे डाग असतात त्यावर), ऊन कुठून येतं बघायचं आणि खाली बसून राहायचं, येतोच तो. प्लेबॅक (पक्ष्याला बोलवायला त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणं) अजिबात नको, आणि पाण्याच्या आवाजात तसाही त्याचा फार उपयोग नाही.

हे सगळ्यात छान जमलं ते भीमतालजवळ चाफीला, कलसा नदीवर. ब्राउन डिपर एका दगडावर येऊन गुडघे लववल्यासारखा खाली-वर व्हायचा, पापणी मिटली की पांढरी चमक दिसायची, मग सरळ वाहत्या पाण्यात बुडी मारून तळाशी अन्न शोधायचा आणि भलतीकडेच वर यायचा. प्लंबियस रेडस्टार्टचा नर निळसर राखाडी आणि शेपूट तांबूस, मादी अगदीच वेगळी, फिकट राखाडी आणि शेपटीच्या बुडाशी पांढरी. व्हाइट-कॅप्ड (पांढऱ्या टोपीच्या) रेडस्टार्टमध्ये मात्र नर-मादी सारखेच दिसतात, तेव्हा ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) नर म्हणून टाकताना जरा सांभाळून. स्पॉटेड फोर्कटेलही मिळाला, पण झाडाच्या सावलीत, कमी उजेडामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० पर्यंत वाढवून, त्यामुळे पिसांत डिटेल कमी आहे.

कॅमेऱ्याबद्दल थोडं. गोट्यांमध्ये मोठा फोकस एरिया ठेवला की लेन्स दगडच पकडते, मी छोटा पॉइंट वापरला. व्हाइट-कॅप्डची पांढरी टोपी आणि पाण्याचा फेस जळू नये (फोटोत नुसता पांढरा डाग होऊ नये) म्हणून एक्स्पोजर थोडं कमी, -०.७ च्या आसपास. आणि ऊन वर आलं की पात्रावरची हवा थरथरायला लागते, मग १५०-६०० मिमीची झूम लेन्स काय नि प्राइम (झूम नसलेली) लेन्स काय, लांबचा एकही फोटो शार्प येत नाही. पुण्याकडे भिगवणला बोटीतून जवळ जाता येतं म्हणून हे तेवढं जाणवत नाही, इथे मात्र सकाळचे पहिले दोन तासच खरे. संध्याकाळी अंधार पडायच्या आत पात्रातून बाहेर यायचं, जंगल लागूनच आहे आणि वाघ पाण्यावर येतात.

यादीत आता कड्यांवर चढणारा वॉलक्रीपर हा पक्षी उरलाय. कोसीच्या कड्यांवर हिवाळ्यात असतो, ते गुलाबी-लाल पंख उघडलेले टिपायचेत मला. कोणी अलीकडे पाहिला असेल तर कुठला कडा आणि ऊन तिथे किती वाजता पोचतं तेवढं कळवा, पुढचा जानेवारी त्यासाठीच राखून ठेवलाय.