तुम्ही विचारलंत म्हणून: वेव्ही केसांसाठी कुठलं मशीन घ्यावं?

लग्नाच्या हॉलमध्ये, चवथीच्या फुगड्या घालून दमून बसल्यावर, एकदा तर मडगावच्या बसमध्ये उभ्या उभ्या मला हा प्रश्न विचारला गेलाय. "ताई, माझे केस तुमच्यासारखेच. धड सरळ नाहीत, धड कुरळे नाहीत. घरी वापरायला कुठलं मशीन घेऊ?" विचारणाऱ्या बहुतेक जणींनी स्ट्रेटनर घ्यायचं मनात ठरवलेलंच असतं, मी फक्त हो म्हणायचं असतं. मी हो म्हणत नाही. २५ मिलिमीटर जाडीचा कर्लिंग रॉड, म्हणजे बट गुंडाळून वळण देणारी गरम दांडी, घ्या आणि तापमान आकड्यात दाखवणारा घ्या, असं मी सांगते.

कारण आपली गोव्याची दमट हवा. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनला आकारात धरून ठेवणारे काही बंध, ज्यांना हायड्रोजन बंध म्हणतात, ते पाण्याने सुटतात आणि उष्णतेनेही सुटतात. केस वाळला किंवा निवला की त्या क्षणी तो ज्या आकारात असेल त्याच आकारात ते पुन्हा जुळतात. गरम मशीन करतं ते एवढंच. पण हवेतलं बाष्पही पाणीच आहे. चोडणहून फेरीने रायबंदरला येणारी माझी मैत्रीण रोज सकाळी अर्धा तास घालवून केस सरळ करायची. पावसाळ्यात नदी ओलांडेपर्यंत तिच्या कानामागचे केस पिंजारलेले असायचे. सरळ केलेला वेव्ही केस सुटायला लागला की मधल्याच कुठल्यातरी अवस्थेत अडकतो आणि ते लपत नाही. वळवलेला केस सुटला तर आपल्या मूळ वळणाकडेच जातो. तीन तासांनी तो सकाळपेक्षा सैल दिसेल, पण विस्कटलेला दिसणार नाही.

जाडीही याच हिशेबाने ठरवा. ३८ मिलिमीटरच्या रॉडने मोठ्या, सुंदर लाटा येतात आणि आपल्याकडे त्या आधी उतरतात. १९ ने घट्ट गुंडाळ्या होतात, त्या वेव्ही केसांत वेगळ्या उठून दिसतात. २५ ने केलेलं वळण दुपारपर्यंत सैल होऊन नेमकं हवं तिथे येतं. केस कमरेपर्यंत असतील तर ३२ चालेल. बट रॉडवरून काढल्यावर लगेच सोडू नका, निवेपर्यंत तळहातात गोळा करून धरा. बंध निवतानाच जुळतात, त्यामुळे हे अर्धं मिनिट तापमान वाढवण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

तापमानाबद्दल मी हट्टी आहे. खोक्यावर २३० अंश हा गुण म्हणून छापलेला असतो. पातळ किंवा रंगवलेल्या केसांना १५० पुरतात, आणि जाड केसांनाही मी १८० च्या वर जात नाही. वळण टिकत नाही म्हणून आकडा वाढवणं म्हणजे हवेचा राग केसांवर काढणं. उष्णतेने जळलेला केस पुन्हा नीट होत नाही, कापावाच लागतो. नुसतं हाय-लो लिहिलेलं मशीन म्हणूनच मला नको वाटतं. रॉडचा लेप सिरॅमिकचा की टायटॅनियमचा? टायटॅनियम लवकर आणि जोरात तापतं, घरच्या हाताला सिरॅमिक बरं. लेप उडालेला असेल तर वापरू नका.

केस पूर्ण वाळलेले हवेत. पावसाळ्यात वरून कोरडे वाटतात आणि मुळाशी दमट असतात, तेव्हा बोटं आत घालून बघा. माझ्या चुलत बहिणीने लग्नाच्या घाईत ओलसर बटेवर रॉड धरला. चर्र आवाज आला, आतलं पाणी वाफ होऊन फुगलं आणि पुढची बट भुवईपाशी तुटली. तिने अबोलीची फाती, म्हणजे गजरा, पुढे ओढून ते झाकलं. आजही तिचा फोटो बघताना माझी नजर तिथेच जाते. तेल लावलेल्या केसांवरही नको. घाण्यावरचं खोबरेल साधारण १७५ अंशांच्या आसपास धुरायला लागतं. त्याऐवजी हीट प्रोटेक्टंट स्प्रे लावा आणि तो वाळू द्या.

आता एक गोष्ट जी आपल्याकडे सांगावीच लागते. इथे कितीतरी घरांत कुणीतरी बोटीवर किंवा आखातात असतं, आणि मशीन तिथूनच येतं. आखातातलं बहुतेक वेळा चालतं, फक्त पिन वेगळी असते. पण अमेरिकेतून किंवा बोटीवरून आलेल्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० वर लावू नका. पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही. १००–२४० किंवा २२०–२४० लिहिलेलं हवं. माझ्या दिराने प्रेमाने आणलेलं मशीन मी हे न वाचता लावलं आणि काही क्षणांत खोलीत जळका वास पसरला.

वीज गेली तर रॉड घरच्या इन्व्हर्टरवर चालतो, हेअर ड्रायर बहुतेक वेळा नाही. तरीही भर आषाढात मी रॉड काढत नाही. ड्रायरला डिफ्युझर, म्हणजे हवा पसरवणारं भोकांचं तोंड, लावून कोमट हवेवर केस वाळवते आणि हात लावत नाही.

ती चोडणची मैत्रीण आता सगळे केस करत बसत नाही. चेहऱ्याजवळच्या सहा बटा गुंडाळते, बाकीचे तसेच सोडते, आणि दहा मिनिटांत फेरीच्या धक्क्यावर असते.