बाळाचे श्वास मोजताना

खोकला झालेल्या बाळाचे श्वास मोजायचे तर आधी ते शांत हवं. रडताना किंवा दूध पिताना आलेला आकडा बिनकामाचा. झबलं वर करा, पोटाची हालचाल बघा आणि घड्याळ लावून पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणणं नकोच, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित: भराभर काही श्वास घेतो, मग पाचेक सेकंद थांबतो. ते नॉर्मलच.

2 महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, मग वर्षापर्यंत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 म्हणजे श्वास जलद. तान्ह्याचे 60 भरले तर पुन्हा मोजा. परत तेवढेच आले तर लगेच डॉक्टर. श्वास आत घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकडा काहीही असो, दवाखाना गाठा. (नुसती घरघर बहुतेकदा चोंदलेल्या नाकाची असते.)