आधी मलम, मग लाळ: बाळाच्या गालांवरचं पुरळ

चौथ्या महिन्यात लाळ सुरू झाली आणि आठवड्याभरात हनुवटी, ओठांच्या कडा आणि गालांचा खालचा भाग लालसर, खरखरीत झाला. मलम लावायच्या आधी मी पुरळाची जागा नीट पाहिली, कारण तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावरचं प्रत्येक पुरळ एकाच उपायाने जात नाही. पहिल्या महिन्यात नाकावर दिसणारे पांढरे दाणे किंवा गालावरच्या मुरमासारख्या पुटकुळ्या आपोआप जातात. त्यांच्यावर तेलकट काही चोपडलं तर पुटकुळ्या वाढू शकतात. भुवयांवर आणि डोक्यावर पिवळट, तेलकट खपली धरते तो प्रकार निराळा. घामोळं मानेच्या वळ्यांत आणि कपाळावर बारीक दाण्यांचं असतं. त्याला मोकळी हवा लागते, जाड मलम नाही. दोन्ही गाल कोरडे, खाजरे आणि नाक मात्र स्वच्छ, असं दिसलं तर इसबाचा, म्हणजे एक्झिमाचा संशय घ्यायचा. लाळेचं पुरळ लाळ जिथवर पोचते तिथेच थांबतं. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, चट्टा तपकिरी किंवा जांभळट वाटतो. म्हणून बोटाच्या पाठीने गाल चाचपून खरखर कुठे लागते ते पाहायचं.

लाळ त्वचेला त्रास का देते? लाळेत पाचक रस असतात, आणि बाळाच्या त्वचेचा वरचा थर मोठ्यांपेक्षा पातळ असतो. पण खरी गडबड ओलं-कोरडं, ओलं-कोरडं या चक्राने होते. प्रत्येक वेळी लाळ सुकते तेव्हा त्वचेतलं पाणीही उडतं, मग भेगा पडतात, आणि पुढची लाळ त्या भेगांत उतरते. हे कळल्यावर मी क्रम उलटा केला. पुरळ दिसल्यावर मलम लावण्याऐवजी लाळ यायच्या आधी मलम.

साधी, सुगंध नसलेली पेट्रोलियम जेली घ्यायची. वाटाण्याएवढी जेली हनुवटी आणि ओठांभोवतीच्या भागाला पुरते. ती दोन बोटांवर पसरून थापायची, चोळायची नाही. दूध पाजण्याआधी, झोपवण्याआधी आणि चोखणी तोंडात देण्याआधी, असा दिवसातून पाच-सहा वेळा पातळ थर. चोखणीच्या चकतीखाली लाळ अडकून राहते, त्यामुळे गोल चट्टा उठतो. पुरळ असेपर्यंत ती जितकी कमी तितकं बरं. एक चूक इथे हमखास होते: ओल्या, लाळ लागलेल्या त्वचेवरच जेली लावली जाते आणि लाळ आत कोंडून बसते. आधी साध्या पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाने टिपायचं, मग कोरड्या कापडाने टिपायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि मग जेली.

टिपणं म्हणजे कापड गालावर ठेवून दाबायचं आणि उचलायचं. आडवं पुसलं की आधीच सोललेला थर आणखी निघतो. वेट वाइप्स मी चेहऱ्यापासून लांबच ठेवले. लाळेरं ओलं झालं की लगेच बदलायचं, नाहीतर तेच ओलं कापड दिवसभर मानेला घासत राहतं. झोपताना मात्र ते काढायचंच, गळ्याला आवळण्याचा धोका असतो.

अंघोळ ५ ते १० मिनिटांची, पाणी ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास. कोपराला गरम न वाटणारं. चेहऱ्याला साबण नाही. अंग टिपल्यावर तीन-चार मिनिटांत, त्वचा किंचित दमट असतानाच गालांना सुगंधविरहित मॉइश्चरायझर आणि लाळेच्या जागी त्यावर जेली. डब्यावर ‘अनसेंटेड’ लिहिलेलं पुरेसं नाही, त्यात वास दडवणारा सुगंध असू शकतो, ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ पाहायचं. नवीन क्रीम आधी हाताच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहायचं आणि एका वेळी एकच वस्तू बदलायची. एकाच दिवशी क्रीम, साबण आणि कपड्यांची पावडर तिन्ही बदललं तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही. बाळ ज्या खांद्यावर मान टाकतं तिथला अत्तराचा वास, लोकर, दाढीचे खुंट हेही गालाला लागतात. खांद्यावर धुतलेलं सुती कापड टाकलं की बरंचसं टळतं.

वरचं अन्न सुरू झालं की टोमॅटो, संत्रं अशा आंबट पदार्थांनी तोंडाभोवती लाली येते. ती फक्त अन्न लागलेल्या जागी असेल आणि थोड्या वेळाने उतरत असेल तर बहुधा त्वचेची जळजळ असते. भरवण्याआधी जेली लावली की कमी होते. अंगभर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, उलट्या किंवा श्वासाला त्रास असेल तर ती ॲलर्जी, आणि तिथे क्षणही थांबायचं नाही.

लाळेचं पुरळ या काळजीने आठवड्याभरात निवायला लागतं. नाही निवलं तर डॉक्टरांकडे. घरात पडलेली, स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र असलेली ट्यूब बाळाच्या चेहऱ्याला कधीही लावू नये. तीव्र स्टेरॉइडने तिथली त्वचा आणखी पातळ होते आणि संसर्ग झाकला जातो. मधासारखी पिवळी खपली, पाण्याचे फोड किंवा झुपक्याने आलेल्या दुखऱ्या जखमा दिसल्या तर त्याच दिवशी दाखवायचं. काचेचा पेला दाबूनही न फिकटणारे जांभळे ठिपके दिसले तर तसंच, लगेच रुग्णालयात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप असेल तर पुरळ कसंही असो, लगेच. ओठावर तापाचे फोड उठलेल्या मोठ्या माणसाने बाळाचा पापा घेऊ नये, हे मी सगळ्यांना स्पष्टच सांगते. त्या फोडांतला विषाणू सोललेल्या गालावर वेगाने पसरतो.

लाली गेल्यावर गालावर फिकट डाग राहतात. त्यांना वेगळं क्रीम लागत नाही. काही आठवडे ते महिने घेऊन रंग परत येतो. जेली मात्र लाळ थांबेपर्यंत झोपेआधी आणि दूध पाजण्याआधी चालू ठेवायची.