गारपिटीचा पुडा

आज तिसरा दिवस. दादानं तो पुडा खाली ठेवला, तो हात अजून डोळ्यासमोरून हलत नाही. फेकला नाही, आपटला नाही. ओसरीच्या कडेला नीट उभा ठेवला आणि उठून गोठ्याकडं गेला. चहा झाला तशी वहिनीनं दोन हाका मारल्या, आला नाही.

मी एवढ्या लांबून, नेदरलँड्सहून आणलेलं. बॅगेचं वजन भरेना तेव्हा स्वतःचा स्वेटर काढून ठेवला, पण पोरांचा खाऊ काढला नाही. लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने मी तिथं कशी राहिले, बाळ रात्री रडायचं तेव्हा त्याला घेऊन मी किती फेऱ्या मारल्या, हे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "थंडी लई होती का?" मग मी दुकानातल्या नावांच्या गोष्टी सुरू करते. त्या सुरू केल्या की माणसं बसतात. लातूरला सांगितल्या, अंबाजोगाईला सांगितल्या. लोक हसले की मला आपल्या घरी परत आल्यासारखं वाटतं.

आणि गोष्टी खऱ्याच आहेत. आइंडहोवनच्या दुकानात पहिल्याच आठवड्यात मी एक बरणी उचलली, तिच्यावर 'पिंडाकास'. अंगावर काटा आला. आईचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. त्या अक्षरांत मला पिंडही दिसला आणि कावळाही. बरणी होती तिथं ठेवली. लेक म्हणाली, "आई, शेंगदाण्याचं आहे गं. पिंडा म्हणजे शेंगदाणा, कास म्हणजे चीज." चीज त्यात नावालाही नसतं. तिथं 'लोणी' हा शब्द कायद्यानं दुधाच्या लोण्यासाठीच राखलेला, म्हणून शेंगदाण्याच्या वाट्याला चीज आलं. पिंडा हा शब्दही मुळात त्यांचा नाही. आफ्रिकेतल्या कोंगो भाषेतला, गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या तोंडून समुद्र ओलांडून गेलेला. नंतर मी ते रोज पोळीला लावून खाल्लं. आईची एक भाजी दाण्याच्या कुटाशिवाय झाली नाही कधी. तिला हे सांगायला हवं होतं.

दुसरं ते 'माउशेस', म्हणजे बारकी उंदरं. बाळ झाल्याचं कळलं तशी शेजारीण डबा घेऊन आली. गोल टोस्टाला लोणी लावलेलं, वर गुलाबी-पांढरी उंदरं. जवळ घेऊन बघितलं तर आपल्या खानावळीत गल्ल्याजवळ वाटीत असते ना, ती साखरेत घोळलेली रंगीत बडीशेप, तिचीच बहीण. दाण्याला एका टोकाला बारीक देठ राहतो, ती शेपटी. बाळंतिणीला दूध यावं म्हणून हे बी चांगलं, असं तिथल्या जुन्या बायकाही सांगायच्या म्हणे. आपण बाळंतशेप देतो, त्या उंदरं देतात. मी त्या शेजारणीचा हात धरून रडले. तिला काय कळलं कोण जाणे, तीही रडली.

पण बोलायचंय ते पुड्याबद्दल.

पुड्यावर 'हागेलस्लाख' लिहिलेलं. ते लोक ग चा ख करतात, पण आपल्या पोरांनी इंग्रजी अक्षरं जशी दिसली तशी वाचली. "आत्या, हागेल! हे खाल्लं की माणूस हागेल!" सगळी ओसरी लोळली. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. दादाही हसला. त्याच्याच हातात पुडा होता, आतले चॉकलेटचे बारीक दाणे तो खुळखुळ वाजवून बघत होता. सकाळी पावाला लोणी लावून त्यावर हे दाणे भुरभुरतात, लोणी नसलं तर घरंगळून जातात, हे मी सांगितलं. 1936 पासून हे चॉकलेटचे दाणे मिळतात, हेही सांगितलं. तिथंच थांबायला हवं होतं. माझ्या तोंडाला रंग चढलेला. म्हणाले, "अरे, अर्थ ऐका की. हागेल म्हणजे गार, स्लाख म्हणजे मार. गारपीट! तिथली लेकरं रोज सकाळी गारपीट खातात."

पोरं आणखी हसली. 2014 साली त्यातलं एक जन्मलं नव्हतं आणि दुसरं पाळण्यात होतं.

मला माहीत नव्हतं का? त्या मार्चमध्ये मीच फोनवर दादाचं ऐकलं होतं. शाळू कणसात आलेला, हरभरा काढायला टेकलेला, आणि बाग. लिंबाएवढी गार. पत्र्याला भोकं पडली ती दादानं डांबर लावून बुजवली, अजून वर बघितलं की काळे ठिपके दिसतात. त्याच ठिपक्यांखाली बसून मी ते बोलले. वेली उपटून त्यानं सोयाबीन घेतलं त्याला किती वर्षं झाली. त्यानं पुन्हा द्राक्षाचं नाव काढलं नाही. कर्जाचं मी विचारलं नाही तेव्हा. आताही नाही.

दोन दिवस मला त्याचाच राग येत होता. एक शब्द तो, दूरदेशीच्या पुड्यावरचा, एवढं काय त्यात. मग माझा आला. तीन महिने त्या शब्दाकडं रोज सकाळी बघत होते, अर्थ कळल्यावरही एकदासुद्धा दादा आठवला नाही. आठवली ती फक्त गंमत, इकडं येऊन सांगायची.

काल लेकीशी बोलताना हे सगळं निघालं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, इथंही पडली होती." 2016 च्या जूनमध्ये, आइंडहोवनजवळच्याच सोमेरेनकडं, मोठमोठी गार. त्या भागात काचेच्या घरात भाजी-फुलं पिकवतात, एकरच्या एकर. काचा फुटून सगळ्या पिकात मिसळल्या. पीक उचलायचं म्हटलं तरी हाताला काच. मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरांत पोरांनी काय खाल्लं गं? ती म्हणाली, "तेच खाल्लं असेल आई. घरात तेच असतं."

रात्री वहिनीला फोन करून सांगितलं. माफी मागायची होती, ती काही बोलता आली नाही, सोमेरेनचंच सांगत बसले. वहिनी म्हणाली, धाकट्यानं पुडा कवाच फोडला, कालच्या भाकरीवर लोणी थापून त्यावर भुरभुरून खायलाय, दादाम्होरंच. मी विचारलं, आणि काही म्हणाले का ते? "न्हाई. घासभर मागून घेतला. गोड लई हाय म्हणले."

आज सकाळी त्याचाच फोन. मी उचलायच्या आधी दोनदा श्वास घेतला.

"आक्के, त्या काचवाल्यांचं खरं का गं?"

"खरं आहे दादा."

"मग भरपाई किती दिसांनी मिळाली त्यास्नी?"

मला माहीत नव्हतं. लेकीला विचारून सांगते म्हटलं. तिकडं आत्ता पहाट आहे, ती उठली की विचारते.